घरच्या आजारी माणसाला सांभाळणाऱ्याला सुट्टी कशी मिळवून द्यायची?

कृष्णाकाठ (धागाकर्ती), सांगली

डॉक्टरांनी पिशवी काढायला सांगून वर्ष होत आलं. गाठी आहेत, अंगावरून फार जातं, लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वर येत नाही. ऑपरेशनला मी तयार आहे. अडचण आहे ती त्यानंतरच्या सहा आठवड्यांची. तेवढे दिवस वजन उचलायचं नाही, वाकून ओढाओढ करायची नाही. आणि माझ्या सासूबाईंना अल्झायमर आहे. त्यांना पलंगावरून उठवणं, संडासला नेणं, आंघोळ, लुगडं सोडून आता गाऊन, तो दिवसातून तीनदा बदलणं, घास भरवणं हे सगळं माझ्याकडे आहे. यजमान नोकरीच्या आधी आणि नंतर हात लावतात, रात्रीचं उठणं त्यांचं असतं. पण दिवसभर घरात आम्ही दोघीच.

मी त्यांना आत्या म्हणते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाल्या. संध्याकाळी पाच वाजले की त्यांची घालमेल सुरू होते, दाराशी जातात, 'पोरं खोळंबली असतील' म्हणतात. अशा माणसाला कुणाच्या भरवशावर सोडायचं, हा प्रश्न ज्यांच्या घरी असं कुणी आहे त्यांना समजावून सांगायला नको.

बाहेरच्या देशांत याला रेस्पाईट केअर म्हणतात. काही तास, एखादी रात्र किंवा दोन-तीन आठवडे आजारी माणसाची जबाबदारी दुसऱ्या जाणत्या माणसानं किंवा संस्थेनं घ्यायची आणि सांभाळणाऱ्यानं तेवढ्यात आपलं दुखणं, आपली झोप, राहिलेली कामं बघायची. मुदत संपली की माणूस परत घरी. आपल्याकडे याची मागणीच होत नाही, कारण 'सुट्टी हवी' म्हणणं म्हणजे 'सासू नको' म्हणणं असं धरलं जातं. मी आत्यांना घरीच सांभाळणार आहे. त्यासाठीच मला हे सहा आठवडे हवेत.

आणि हे माझ्या एकटीचं नाही. लासी-डॅड या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले. त्यांनुसार भारतात साठीच्या पुढच्या माणसांपैकी ७.४ टक्क्यांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया, म्हणजे स्मरणशक्ती आणि समज ढासळत जाण्याचा आजार आहे. आत्यांचा अल्झायमर हा त्यातलाच एक प्रकार. प्रमाण बायकांत जास्त आणि खेड्यात शहरापेक्षा जास्त. या ८८ लाखांपैकी बहुतेकांच्या मागं घरातलंच कुणीतरी उभं आहे. सून, बायको, मुलगी, कधी नवरा. त्या माणसाचं रक्त कोण तपासतं? आत्यांच्या प्रत्येक तपासणीला मी बरोबर असते, दर वेळी त्यांचं वजन होतं, बीपी बघतात. माझं एकदाही कुणी विचारलं नाही. माझं स्पष्ट मत आहे की डिमेन्शियाच्या औषधांच्या चिठ्ठीवरच 'सांभाळणाऱ्याला आठवड्यातून एक दिवस मोकळा' असं लिहून मिळायला हवं. घरातले मग ते पाळतील.

आतापर्यंत मी जे शोधलं ते असं. वृद्धाश्रमांना फोन केले. बहुतेकांची पहिली अट 'स्वतःचं स्वतः करणारे हवेत'. डिमेन्शिया म्हटलं की नकार, किंवा घेतो पण कायमचं ठेवा, महिनाभरासाठी नाही. ब्यूरोतून बाई आणली तर ती कशी निघेल ठाऊक नाही. नणंद पुण्यात, दीर अमेरिकेत. दोघंही प्रेमानं चौकशी करतात, पैशाला कधी नाही म्हणत नाहीत.

मला विचारायचंय ते एवढंच: तुमच्यापैकी कुणी आजारी माणसाला थोड्या दिवसांसाठी दुसऱ्याच्या हाती दिलंय का? कसं जमवलंत? डिमेन्शियाच हवा असं नाही. पक्षाघात, कॅन्सर, मतिमंद मूल, मानसिक आजार, काहीही असो, लिहा.

चाफा

ताई, मी मिरजेत नर्स आहे, आता घरी जाऊन रुग्ण बघते. आधी तुमच्याबद्दल. हिमोग्लोबिन किती आहे ते इथं लिहू नका, पण ऑपरेशनची तारीख आत्यांच्या सोयीनं ठरवू नका. तुमचं रक्त असंच जात राहिलं तर एक दिवस तुम्ही न्हाणीघरात चक्कर येऊन पडाल, आणि त्या वेळी आत्या तुमच्या हाताला धरून उभ्या असतील.

आता बाईबद्दल. ब्यूरोची बाई ऑपरेशनच्या दिवशी आली तर काही उपयोग नाही. निदान तीन आठवडे आधी आणा. पहिला आठवडा तिनं नुसतं तुमच्याबरोबर राहायचं, चहा द्यायचा, शेजारी बसायचं. दुसऱ्या आठवड्यात ती करेल आणि तुम्ही बघाल. तिसऱ्यात तुम्ही दुपारी बाहेर जायचं. डिमेन्शियाच्या माणसाला नाव लक्षात राहत नाही, पण हाताची सवय होते. आंघोळीला कुणाचा हात चालतो हे त्या ठरवतात, आपण नाही.

ब्यूरोशी बोलताना हे विचारून घ्या: बारा तासांची की चोवीस तासांची, कमिशन एकदाच की दर महिन्याला, बाई गावाला गेली तर बदली किती दिवसांत, डिपॉझिट परत मिळतं का. आधारकार्डाची प्रत घ्या, पोलीस पडताळणी झालीय का विचारा. दागिने, रोकड आधीच कपाटात. हे त्या बाईच्याही हिताचं आहे, उद्या काही हरवलं तर संशय तिच्यावर जायला नको.

आणि तिला शिकवा. पलंगावरून उठवताना काखेत हात घालून ओढायचं नाही, खांदा निखळतो. आधी कुशीवर, मग पाय खाली, मग बसवायचं, दोन मिनिटं थांबायचं, मग उभं. भरवताना ताठ बसवून, आणि खाल्ल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. पडून असणाऱ्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची. एअर बेड आहे म्हणून कूस बदलायची गरज नाही असं सांगणारे पुष्कळ भेटतात, त्यांचं ऐकू नका.

पाणंद

सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव. इथं ब्यूरो नाही, डे केअर नाही. आमच्याकडची पद्धत म्हणजे पाळी. आम्ही तिघं भाऊ, आई एकेकाकडं महिनाभर. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं, आणि आई धडधाकट होती तोवर बरं चाललं. पक्षाघात झाल्यावरही चाललं. पण विसरायला लागली आणि दर महिन्याला घर बदललं की तिची दशा व्हायची. नवीन घरात संडास कुठं ते सापडायचं नाही, रात्री उठून भिंती चाचपायची, मोरीचं दार समजून कपाट उघडायची. पुन्हा सवय होईतो महिना संपायचा.

मग थोरल्या वहिनींनीच सांगितलं, आईला एका जागी ठेवा, पाळी आपली लावा. आता आई जुन्या घरात, तिच्याच खोलीत. ज्याची पाळी त्या घरातलं माणूस तिथं जाऊन राहतं. सुगीच्या दिवसांत ओढाताण होते, दुधाच्या वेळा सांभाळाव्या लागतात. पण आई शांत आहे, आणि दोन महिने प्रत्येक वहिनी मोकळी आहे. मोकळी म्हणजे खरोखर मोकळी, तेव्हा तिला कुणी हाक मारायची नाही असं ठरलंय.

ताई, तुमच्या नणंदबाई पुण्यात आहेत म्हणता. आत्यांना पुण्याला नेण्यापेक्षा त्यांनाच सांगलीला बोलवा.

कृष्णाकाठ

पाणंद, हे मला सुचलंच नव्हतं. आम्ही सगळे 'आत्यांना कुठं ठेवायचं' एवढंच बोलत होतो. आज रात्री ह्यांच्याशी बोलते.

जुना दादरकर

मी नवरा आहे, वय ७६. पत्नीला डिमेन्शिया आहे, पाचवं वर्ष. मुलगी बंगळुरूत. या धाग्यावर पुरुषानं लिहिणं गरजेचं वाटलं, कारण घरातल्या बाईची शुश्रूषा करणाऱ्या पुरुषाला कुणाला काय विचारावं हेही कळत नाही. पत्नीला आंघोळ घालणं मी शेजारच्या वहिनींकडून शिकलो. त्यांनी दार बंद करून, स्वतः करून दाखवलं. ते उपकार विसरता येणार नाहीत.

मुंबईत डिग्निटी फाउंडेशन डिमेन्शियाच्या रुग्णांसाठी दिवसभराची केंद्रं चालवतं. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही १९९२ मध्ये केरळात सुरू झालेली संस्था आहे, तिची मुंबईत शाखा आहे. अशा केंद्रांत गाणी, हातांचे व्यायाम, रंगवणं, एकत्र जेवण असतं. मला स्वतःला त्या काही तासांत काय करावं ते सुरुवातीला कळेना. नुसता झोपायचो. मग बँक, दाताचा डॉक्टर, आणि आठवड्यातून एकदा जुन्या मित्रांबरोबर शिवाजी पार्कचा कट्टा. तिथं कुणी आजाराचं काढत नाही, म्हणून मी जातो.

एक सांगतो. दिवसाचं केंद्र सुरुवातीच्या आणि मधल्या टप्प्यात उपयोगी. माणूस चालता-बोलता असतो तोवरच सवय लावा. मी आणखी थांबू म्हणत राहिलो असतो तर प्रवास करण्याची तिची ताकदच संपली असती. मुलीनं आग्रह धरला म्हणून वेळेत जमलं.

निवडुंग

मला वेगळं सांगायचंय. धागा छान आहे, तरी हे कुणी लिहिलं पाहिजे. आम्ही आईला एका शुश्रूषा केंद्रात तीन आठवडे ठेवलं. धाकट्या बहिणीचं बाळंतपण होतं, इलाज नव्हता. केंद्र स्वच्छ होतं, फोनवर रोज 'आजी मजेत' ऐकायला मिळायचं. घरी आणली तेव्हा आई चालत नव्हती. दिवसभर झोपून असायची. गुंगीचं औषध चालू केलं होतं आणि आम्हाला विचारलं नव्हतं. मनगटावर वळ होते, रात्री उठू नये म्हणून बांधत असत. ती पुन्हा चालली नाही.

सुट्टी लागतेच, हे मान्य. पण 'ठेवून या, काही होत नाही' असं कुणी हलकेपणानं म्हणू नये.

चाफा

निवडुंग, वाचून वाईट वाटलं. तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, कारण हे घडतं. जागा बदलली की डिमेन्शियाच्या माणसाचा गोंधळ एकदम वाढू शकतो. त्यात लघवीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठ यांपैकी एखादं असलं की भ्रमिष्टासारखं होतं. केंद्रातली माणसं त्याला 'त्रास देणं' समजतात आणि गोळी देतात. म्हातारं माणूस आठ-दहा दिवस पलंगावर राहिलं की मांड्यांतली ताकद जाते, ती परत आणणं फार कठीण.

म्हणून कुठं ठेवायची वेळ आलीच तर आधी न सांगता संध्याकाळी सातनंतर जाऊन बघा. सकाळी सगळीच केंद्रं चांगली दिसतात. रात्री किती माणसांमागं किती कर्मचारी, ते विचारा. 'उठायला लागले तर काय करता?' हा प्रश्न जरूर विचारा. बांधतो असं उत्तर आलं किंवा उत्तर टाळलं तर तिथून निघा. नवीन औषध आम्हाला फोन केल्याशिवाय सुरू करायचं नाही, हे लिहून द्या आणि सही घ्या. आधी एक दिवस, मग एक रात्र, मग तीन रात्री असं वाढवत न्या. थेट तीन आठवडे नकोत.

पारिजात

माझ्या वडिलांना जिभेचा कॅन्सर होता. शेवटच्या काही महिन्यांत नाकातून नळी, जखमेचं ड्रेसिंग, मॉर्फिनच्या वेळा. आईला आणि मला कित्येक रात्री सलग दोन तासांच्या वर झोप नव्हती. कुणीतरी पुण्याच्या वारज्यातल्या सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्राचं नाव सांगितलं. १९९७ पासून चालतंय, कॅन्सरच्या रुग्णांना तिथं मोफत ठेवून घेतात, घरचं माणूस सोबत राहतं. आम्हाला वाटायचं अशा ठिकाणी फक्त शेवटासाठी जायचं. तसं नाही. वेदना आटोक्यात आणून, घरच्यांना ड्रेसिंग आणि नळीतून भरवणं नीट शिकवून ते घरी पाठवतात. बाबा घरी आले आणि त्यानंतरचे दिवस आम्ही नीट जगलो, ते रेडिओ ऐकायचे, आई शेजारी बसून शेंगा सोलायची.

मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन आहे, १९८६ पासून, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णांची शुश्रूषा करणारी जागा. गोव्यात लोटलीला त्यांची शाखा आहे. तेही प्रगत कॅन्सरसाठीच. डिमेन्शिया किंवा पक्षाघातासाठी इतकी चांगली सोय सहज सापडत नाही आणि याचं मला वाईट वाटतं. कॅन्सरला मुदत असते म्हणून लोक धावून येतात. दहा वर्षं चालणाऱ्या आजाराकडं पाहुणेसुद्धा यायचे थांबतात.

खाडीकिनारा

डोंबिवली. माझा मुलगा २९ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी आहे. तुम्ही सगळे आई-वडिलांबद्दल लिहिताय. आमच्याकडं आई-वडीलच सांभाळणारे आणि म्हातारे होत चाललेले. माझ्या पत्नीचे गुडघे गेले, मुलाचं वजन बासष्ट किलो.

आमच्यासारख्यांना माहीत असलं पाहिजे असं काही लिहितो. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता या चौघांसाठी आहे. त्याखाली 'निरामय' हा एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे, आणि 'समर्थ' ही योजना आहे, तिच्यात तात्पुरत्या निवाऱ्याची तरतूद आहे. ती चालवणाऱ्या नोंदणीकृत संस्था मोजक्या, पण विचारल्याशिवाय कळत नाही. मूल १८ वर्षांचं झालं की कायदेशीर पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडं करा. आई-वडील आहोत म्हणजे आपोआप पालक आहोत असं १८ नंतर राहत नाही, बँकेत गेल्यावर समजतं.

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा याहून पुढं जातो. जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहू भत्ता द्यावा असं त्याच्या २४ व्या कलमात सरळ लिहिलंय. केरळात 'आश्वासकिरणम्' योजनेत अंथरुणाला खिळलेल्या माणसाला सांभाळणाऱ्याला महिन्याला ६०० रुपये देण्याची तरतूद आहे. रक्कम तुटपुंजी आहे. तरीही त्या सरकारनं सांभाळणारी व्यक्ती म्हणून एक वेगळं नाव कागदावर घेतलं, ते महत्त्वाचं. आपल्या आमदारांना, पालक संघटनांच्या निवेदनांत हेच मागायला हवं. केंद्र सरकारच्या नोकरीत कुणी असेल तर २०१४ चा आदेश बघा, दिव्यांग अवलंबिताला सांभाळत असाल तर नेहमीच्या बदलीतून सूट मागता येते. जुन्या करप्रणालीत अशा नातेवाइकासाठी ७५ हजारांची, तीव्र दिव्यांगत्व असेल तर सव्वा लाखाची वजावट आहे.

आमच्या भागात खोणीला अमेय पालक संघटनेचं 'घरकुल' आहे, पालकांनीच उभं केलेलं. पुण्याकडं मारुंजीला 'नवक्षितिज', मुळशीत 'साधना व्हिलेज'. ही कायम निवासाची ठिकाणं. तात्पुरतं कोण घेतं हे प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र विचारावं लागतं.

आम्ही पाच-सहा पालकांनी आपसांत एक गोष्ट सुरू केली. महिन्यातून एक शनिवार सगळी मुलं एका घरी, दोन जोडपी थांबतात, बाकीचे सुटे. पत्नीनं आणि मी लग्नाच्या वाढदिवसाला बाहेर जेवण केलं, मुलगा झाल्यापासून पहिल्यांदाच. पण त्याहून मोठं म्हणजे मुलगा आमच्याशिवाय दुसऱ्याच्या हातून जेवायला शिकला. आमच्यानंतर त्याला तेच करावं लागणार आहे. ज्यांची मुलं लहान आहेत त्यांना हात जोडून सांगतो, ही सवय दहाव्या वर्षापासून लावा.

रानजाई

माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. वर जो राष्ट्रीय न्यास आला त्यात मानसिक आजार बसत नाही, म्हणून आमची वाट वेगळी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात हाफवे होम (दवाखान्यातून सुटल्यावर घरी जाण्याआधी राहायची जागा) आणि निवाऱ्याच्या सोयी शासनानं द्याव्यात असं आहे, प्रत्यक्षात माझ्या जिल्ह्यात एकही नाही. मला तगवलं ते पालकांच्या गटानं. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था, दोन्हीकडं घरच्या लोकांचे स्वमदत गट भरतात. पहिल्या बैठकीत मी काही बोलले नाही. एका काकूंनी त्यांच्या मुलाचं सांगितलं, तो पंखा लावू देत नाही, त्यातून आवाज येतात म्हणून. आमच्या घरातलंच वाक्य. त्या दिवसानंतर मला शेजाऱ्यांची लाज वाटायची थांबली.

दूर राहणाऱ्यांसाठी टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, मराठीत बोलता येतं, सांभाळणाऱ्यानं स्वतःसाठी फोन केला तरी चालतो. ज्येष्ठांच्या प्रश्नांसाठी एल्डरलाइन १४५६७.

सातासमुद्रापार

न्यू जर्सीतून. मी तुमच्या दिरासारखाच, आई कोल्हापूरला, बहीण सांभाळते. इथं मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी विम्याच्या हॉस्पिस सोयीत घरच्यांना विसावा मिळावा म्हणून रुग्णाला एका वेळी पाच दिवसांपर्यंत संस्थेत ठेवतात. जुलै २०२४ पासून 'गाइड' नावाचा उपक्रम सुरू झालाय, त्यात निवडक संस्थांमार्फत डिमेन्शियाच्या काही रुग्णांच्या घरच्यांना विसाव्यासाठी वर्षाला २,५०० डॉलरपर्यंत तरतूद आहे. शेजारच्या अमेरिकन बाईंनी ती घेताना काडीचा संकोच केला नाही. आपल्या बहिणीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, 'मला पैसे नकोत, तू ये आणि मी नसताना राहा.'

तेव्हापासून मी वर्षातून एकदा चार आठवडे जातो. पहिले तीन दिवस ती शिकवते, मग ती मुलीकडं नागपूरला जाते आणि मी तिला फोन करत नाही. डायपर बदलायला मी तिथंच शिकलो. आईनं सुरुवातीला मला हात लावू दिला नाही, 'ह्या बाप्याला बाहेर काढा' म्हणायची. मग शेजारच्या काकूंच्या मदतीनं जमलं. परदेशातल्या भावांनो, पाहुणे म्हणून जाऊ नका. तुम्ही पाहुणे असता तेव्हा तुमचंही जेवणखाण तीच करत असते.

कृष्णाकाठ, हा प्रतिसाद तुमच्या दिरांना दाखवा. माझ्याशी बोलायचं असेल तर व्यक्तिगत निरोप करा म्हणावं.

वाडीवरची

माझी आई आया म्हणून काम करते, नाशिकमध्ये. ती सांगतेय, मी टाइप करतेय.

'ताई, चोवीस तासांची बाई ठेवाल तर तिला झोपायला सहा तास द्या. आम्हाला दिवसा काम आणि रात्री आजी उठली की पुन्हा काम, मग हात सुटतो, पेशंट पडतो, बोल आम्हाला. रात्रीला घरचं एक माणूस ठेवा. जेवण आपल्याबरोबरच द्या, शिळं नको. आजी शिव्या देतात, चावतात, त्याचं आम्हाला काही वाटत नाही, आजारच तसा. पण घरची माणसं त्यावर हसतात ते लागतं. आठवड्याला एक सुट्टी ठरवून द्या, न मागता. मी एका आजींकडं चार वर्षं होते. त्या गेल्या तेव्हा त्यांच्या सुनेनं मला बाराव्याला पंगतीत बसवलं.'

कृष्णाकाठ

वाडीवरची, आईंना माझा नमस्कार सांगा. रात्रीचं त्यांनी सांगितलेलं लगेच घेतलं, बाई बारा तासांचीच ठेवतोय.

ठरलं ते सांगते. वन्संना मी फोन करणार होते, ह्यांनी आधी केला. हा धागा त्यांनी सगळा वाचून दाखवला म्हणे. वन्सं तीन आठवडे इथं येऊन राहतील, रजा टाकलीय. पुढचे तीन आठवडे दिरांनी मागून घेतले. त्यांना मी काही म्हटलं नव्हतं, त्यांनी 'सातासमुद्रापार' यांचा प्रतिसाद वाचला आणि थेट तिकीट बघायला लागले. चाफाताईंच्या ओळखीतून बारा तासांची मावशी मिळाली, सोमवारपासून येतेय. म्हणजे ऑपरेशनला अजून महिना असताना. आत्या तिला 'नव्या बाई' म्हणतात, त्यांना वाटतं शाळेत बदलून आल्यात. मावशीनंही ते धरून ठेवलं, संध्याकाळी पाचला 'बाई, आज शाळेला सुट्टी आहे' म्हणते. तिनं म्हटल्यावर त्या ऐकतात, मी म्हटल्यावर ऐकत नव्हत्या!

अजून एक गाठ सुटायची आहे. सहा आठवड्यांनंतर काय? मी पुन्हा दिवसभर एकटी असं व्हायला नको. मावशीला दुपारचे चार तास कायम ठेवायचं माझ्या मनात आहे. ह्यांना अजून ते जास्तीचं वाटतं. मी सोडणार नाही.

येणाऱ्यांसाठी एक कागद लिहून फ्रिजवर लावलाय. डावा कान चालत नाही, उजवीकडून बोलायचं. चहा बशीतच. गोळी केळ्यात घालून, पाण्याबरोबर थुंकतात. आंघोळ सकाळी अकराला, ऊन आल्यावर, आधी पायांवर पाणी, डोक्यावर एकदम नाही. न्हाणीघरातला आरसा टॉवेलनं झाकायचा, त्यात 'ती दुसरी बाई' दिसते. आमच्या मागं 'आजोबा कुठं गेले' विचारलं तर 'बाजारात गेलेत' म्हणायचं, ते वारलेत हे पुन्हा पुन्हा सांगायचं नाही, प्रत्येक वेळी नव्यानं रडतात. संडासला दोन दिवस झाली नाही तर मला सांगायचं. यात काय राहिलंय?

चाफा

औषधांची नावं आणि वेळा, कोणत्या औषधानं त्रास होतो ते, आणि फॅमिली डॉक्टरांचा नंबर. आत्यांचा एक ताजा फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर ठेवा, त्या दाराबाहेर गेल्याच तर शोधायला. आणि तुमचा स्वतःचा रक्तगट लिहा, दवाखान्यात ह्यांना विचारतील.

निवडुंग

चष्मा आणि कवळी कुठं ठेवता ते लिहा. आमच्या आईची कवळी तिथंच हरवली होती. तारीख कळली की सांगा ताई.